सगळं दादाच्या नावावर

दादाला सही करायला फार आवडायचं. कुणाला पत्ते आवडतात, कुणाला गाणी, याला सही. खिशाला शाईचं पेन कायम लावलेलं. समोर कागद आला की आधी टोपण काढायचा आणि मग विचारायचा, कुठे करू. कागदात काय लिहिलंय हे विचारायची पद्धत त्याच्या घरात नव्हती.

त्या दिवशी कॉम्प्युटरच्या दुकानातही तो तसाच बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून, पेन हातात. एका बाजूला वहिनी, दुसऱ्या बाजूला बारकी. वहिनी म्हणजे त्याची बायको. दोन दीर वहिनी म्हणायचे म्हणून गल्ली म्हणायला लागली, आणि ती जिथे सोफ्याची कव्हरं शिवायला जायची त्या कारखान्यानंही तेच उचललं. बारकी म्हणजे त्यांची लेक. नाव पडलं तेव्हा होती बारकी. आता आईपेक्षा वीतभर उंच झाली होती आणि इमारतींचे आराखडे काढायला शिकत होती. हे तिचं शेवटचं वर्ष.

शेवटच्या वर्षाला एक अख्खी इमारत कॉम्प्युटरमध्ये उभी करायची असते, पायापासून गच्चीपर्यंत, खिडक्यांतून येणाऱ्या उजेडासकट. कॉलेजातले कॉम्प्युटर एवढं ओझं घेतलं की धापा टाकायचे आणि मान टाकायचे. जे दोन-चार धड होते त्यांच्यापुढे रांग. बारकीची इमारत तिसऱ्या मजल्याला तीनदा पुसली गेली, तेव्हा सरांनी सरळ सांगितलं, स्वतःचं मशीन आणा, नाहीतर प्रोजेक्ट पुढच्या वर्षी करा. पुढच्या वर्षी म्हणजे आणखी एका वर्षाची फी. ती कुठून आणायची? म्हणजे पोरीचं शिक्षण इथेच संपलं. तसल्या मशीनची किंमत ऐकून वहिनी आधी खाली बसली होती, मग उठली आणि म्हणाली, हप्त्यानं घेऊ.

दुकानाच्या कोपऱ्यात हप्त्यांचं टेबल होतं आणि टेबलामागे टाय लावलेला एक पोरगा. त्यानं दादाची पगाराची स्लिप घेतली. दादा पाण्याच्या मीटरची रीडिंग घ्यायच्या नोकरीत होता, पगार बेताचा पण पक्का. पोरग्यानं काहीतरी टाइप केलं, स्क्रीनकडे पाहिलं, पुन्हा टाइप केलं आणि मग खुर्ची जरा मागे सरकवली.

"सर, तुमच्या नावावर नाही होणार."

"का बरं? नोकरी पर्मनंट आहे माझी."

"नोकरीचं नाही सर. तुमचे हप्ते थकलेत. म्हणजे दोन कर्जांचे. एका मोठ्या टीव्हीचे, वर्ष होत आलं. आणि एका फ्रीजचे."

वहिनीला आधी हसू आलं. तिच्या घरातला टीव्ही म्हणजे एक जुनं डबडं होतं, थोबाडीत दिली की चित्र यायचं. फ्रीज तर तिच्या लग्नातला. ती म्हणाली, "अहो, चूक झालीय तुमची. आमच्याकडे टीव्ही कुठे आलाय नवा?" मग तिनं सहज नवऱ्याकडे पाहिलं. दादा पेनाच्या टोपणाकडे बघत होता.

आणि तिला कळलं. मोठा टीव्ही धाकट्याच्या भिंतीवर होता. फ्रीज मधल्याच्या स्वयंपाकघरात.

या घराची ही रीतच होती. तिघा भावांत पगाराची स्लिप एकट्या दादाकडे, म्हणून भावांना काही घ्यायचं झालं की ते दादाच्या नावावर घ्यायचं. मधल्याचा फ्रीज, धाकट्याची मोटारसायकल, धाकट्याचा टीव्ही. दुकानवाला नाव विचारायच्या आधीच धाकटा म्हणायचा, दादाच्या नावावर लिहा. आणि दादाची छाती फुगायची. पाहुण्यांना सांगायचा, तिन्ही घरांतल्या प्रत्येक वस्तूवर माझं नाव आहे. नाव याचं, वस्तू त्यांची. हप्ते ज्यानं त्यानं भरायचे, अशी तोंडी बोली. मोटारसायकलीवर धाकटा पार्सलं पोचवायचा, ती कंपनी ओढून नेईल या भीतीनं तिचे हप्ते त्यानं वेळेवर भरून संपवले. टीव्हीला कोण ओढून नेतंय?

"बरं, मग माझ्या नावावर करा," वहिनी म्हणाली. "मी पण कमावते."

पोरग्यानं तिचं नाव घातलं. पुन्हा खुर्ची मागे गेली. "मॅडम, तुमच्या नावावर काहीच दिसत नाही."

"काही दिसत नाही म्हणजे चांगलंच की."

"तसं नसतं मॅडम. तुम्ही कधी काही घेतलंच नाही, फेडलंच नाही. मग कंपनीला कसं कळणार, तुम्ही फेडणाऱ्या आहात की नाही? कंपनीच्या दृष्टीनं तुम्ही..." त्याला पुढचा शब्द सापडेना. बिचारा चांगला होता, म्हणून पुढे भर घालत गेला. "सरांचं रेकॉर्ड मात्र एका बाबतीत एकदम छान आहे हं. शिलाई मशीनचं कर्ज. एकही हप्ता चुकलेला नाही, उलट शेवटचे वेळेआधी भरलेत."

ते मशीन वहिनीचं होतं. कारखान्यातून आल्यावर ती त्यावर घरची कामं शिवायची, लोकांचे पडदे, उशांचे अभ्रे. मान मोडेस्तोवर शिवून तिनं ते हप्ते भरले होते, दर वेळी स्वतः रांगेत उभी राहून. पावती फक्त दादाच्या नावाची.

"ते हप्ते मी भरलेत," ती म्हणाली.

"असेल मॅडम. पण नाव सरांचं आहे."

वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. समोर तो पोरगा होता म्हणून नुसती उठली. ती निघताना पोरगा हळूच म्हणाला, "मॅडम, तुम्ही काम करता तिथला पगाराचा दाखला आणलात आणि सुरुवातीला जरा जास्त रक्कम भरलीत, तर मी साहेबांशी बोलून बघतो." वहिनीनं मान हलवली. तिला पगार रोख मिळायचा, मालकाच्या हातून तिच्या हातात. दाखला म्हणजे काय असतो ते तिनं कधी पाहिलंही नव्हतं.

तिघं घराकडे निघाली. बारकी पुढे चालत होती, बॅग छातीशी धरून. पोरीनं कॉम्प्युटर ठेवायला आधीच शिलाई मशीनशेजारची जागा मोकळी करून ठेवली होती, पुसून घेतली होती. वहिनीला ते आठवत होतं आणि आठवलं की दात आवळले जात होते.

दादा म्हणाला, "होईल गं काहीतरी."

"काय होईल? कोण करील? तुम्हाला माहीत होतं ना, हप्ते थकलेत ते?"

"फोन यायचे त्यांचे."

"कधी?"

आणि वहिनीला आठवलं, गेलं वर्षभर फोन वाजला की हा उठून गच्चीवर जायचा. रेंज येत नाही म्हणायचा. ऑफिसचं काम आहे म्हणायचा. ती खाली त्याचा चहा झाकून ठेवायची. झाकून ठेवायची, निवू नये म्हणून. मूर्ख बाई.

"गच्चीवर जाऊन काय सांगत होतात त्यांना?"

"भरतो म्हणायचो."

"आणि धाकट्या भाऊजींना काय म्हणालात?"

"त्याचं जरा तंगीचं चाललं होतं," दादा म्हणाला. "म्हटलं, जमेल तेव्हा भर. भाऊ आहे माझा. त्याच्यापुढे हिशोब काढायचा का मी?"

भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. या माणसाला अख्ख्या जगाची भीड, फक्त बायकोची आणि पोरीची नाही. वहिनीनं हे त्याला घरी पोचल्यावर सांगितलं, भांडी घासता घासता, आणि भांड्यांनी तिला चांगली साथ दिली. शेजारच्यांनी आपला टीव्ही बारीक केला. दादा ऐकून घेत राहिला. ऐकून घेण्यात त्याचा हात कुणी धरला नसता, आणि त्याचाच वहिनीला जास्त संताप यायचा. भांडणाला दोन माणसं लागतात हो. हा तेवढंसुद्धा द्यायचा नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मधल्याच्या फ्रीजचं नंतर बघता येईल, वर्षभर थकला होता तो टीव्ही, म्हणून वहिनी एकटीच आधी धाकट्याच्या घरी गेली.

दार उघडंच होतं. धाकटा हाफ पँटवर पलंगावर लोळत टीव्ही बघत होता. टीव्ही केवढा, तर खेळणारी माणसं जवळजवळ दारातल्या माणसाएवढी. वहिनीला बघून तो उठून बसला, आवाज कमी केला. तसा तोंडाचा गोड. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा हा शाळेत होता, त्याच्या चड्ड्यांना तिनं ठिगळं लावली होती.

"या वहिनी, बसा. आज इकडे कुठे वाट चुकलात?"

"वाट चुकले नाही. टीव्हीचे हप्ते का भरत नाही तुम्ही, भाऊजी?"

"अहो, दादा म्हणाला ना, राहू दे, मी बघतो."

"जमेल तेव्हा भर म्हणाले ते."

"तेच ते." धाकटा हसला. "दादाचं कसं आहे, त्याला सवय आहे. आणि कंपनीवाले काय करतात? फोन करतात. तोही त्याला."

आयजीच्या जिवावर बायजी उदार. वहिनीनं त्याला बारकीचं सांगितलं. तुमच्या टीव्हीपायी पोरीला कॉम्प्युटर मिळेना, वर्ष जाईल तिचं. धाकट्याचा चेहरा खरंच पडला, पडला नाही असं नाही. "अरेरे," म्हणाला. "आता हे मला आधी सांगायचं ना वहिनी. पुढच्या महिन्यात बघतो ना काहीतरी." आणि हे म्हणताना त्याचे डोळे टीव्हीकडे गेले, कारण तिथे कुणीतरी गोल मारला होता.

तेवढंच झालं. डोळे गेले नसते तर वहिनी कदाचित आणखी बोलत बसली असती. तिनं दाराशेजारच्या खिळ्यावरची किल्ली काढली आणि बाहेर आली. मोटारसायकल भिंतीलगत उभी होती.

"वहिनी, काय करताय?" धाकटा दारात आला.

"ही गाडी कुणाच्या नावावर आहे?"

"दादाच्या."

"मग दादाच्या घरी पाहिजे ना ती."

धाकट्याला वाटलं थट्टा आहे. "पण तुम्हाला चालवता कुठे येते?"

"नाही येत," वहिनी म्हणाली. तिनं स्टँड काढला, हँडल धरलं आणि ढकललं. गाडी जागची हलेना.

"अहो, गिअरमध्ये आहे ती," धाकटा सवयीनं म्हणाला.

"मग काढा की गिअरमधून."

आणि त्यानं काढली. पुढे येऊन, पायानं, रीतसर. काढून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं आपण काय केलं ते, पण तोवर वहिनी गेटाबाहेर पडली होती.

ती गाडी तिनं भर दुपारी त्यांच्या गल्लीतून आपल्या गल्लीपर्यंत ढकलत नेली. पदर खोचलेला, घामानं ब्लाउज पाठीला चिकटलेला, पेडल सारखं नडगीवर लागत होतं आणि दर वेळी लागलं की ती दाताखाली एक शिवी चावायची. दोन शिव्या दादासाठी, तर एक धाकट्यासाठी. उरलेल्या स्वतःसाठी, चहा झाकून ठेवल्याबद्दलच्या. दुकानांच्या पायऱ्यांवर बसलेले लोक मान वळवून बघत होते. एक जण म्हणाला, पेट्रोल संपलं वाटतं. धाकटा हाफ पँटवर मागे मागे. आधी हसत होता, मग विनवायला लागला, मग चिडला. "वहिनी, तमाशा नका करू. माझ्या पोटावर पाय देताय तुम्ही. उद्या मी पार्सलं कशावर टाकू?"

वहिनीनं वळूनही पाहिलं नाही. वाण्याच्या दुकानापुढचा चढ आला तसा तिचा दम संपला, गाडी मागे यायला लागली, आणि धाकट्यानं चटकन मागून हात लावला. आपली गाडी पडू नये म्हणून लावला असेल. पण लावला तो लावला, आणि चढ संपेपर्यंत स्वतःच ढकलत राहिला. वर पोचल्यावर वहिनी म्हणाली, "टीव्ही विका. येतील तेवढे पैसे माझ्या हातात आणून द्या आणि गाडी घेऊन जा."

"टीव्हीचे पैसे कंपनीला द्यायचे ना?"

"कंपनीचं तुमचा दादा बघतो म्हणालाय. बघू दे त्याला."

घरी दादा दारातच होता. खाली गाडी, शेजारी घामाघूम बायको, मागे भाऊ. त्याचं तोंड असं झालं की जणू कुणी त्याला भर चौकात उघडं केलं. भाऊ निघून गेल्यावर म्हणाला, "हे बरं नाही केलंस. त्याचं पोट आहे त्या गाडीवर. लोक काय म्हणतील, दादानं भावाची गाडी ओढून नेली."

"दादानं कुठे नेली, मी नेली. तुम्ही कशाला नेताय?"

तो आत येऊन बसला. बराच वेळ विचार करत होता आणि वहिनीला वाटलं, आता याला काहीतरी उमगेल. तिनं त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. तो प्यायला आणि म्हणाला, अगदी मनापासून म्हणाला, मार्ग सापडल्यासारखा:

"असं करू. त्याची गाडी देऊन टाकू. आपलं शिलाई मशीन आहे ना, ते विकू. चांगल्या कंपनीचं आहे, पैसे बरे येतील. माझ्याच नावावर आहे, सही मी लगेच करतो."

आणि हात खिशाकडे गेला.

वहिनी त्या हाताकडे बघत राहिली. घरात एवढ्या वस्तू, तीन घरांत एवढ्या वस्तू, सगळ्या याच्या नावावर, आणि विकायला याला सुचली ती एकच. जिचे हप्ते चुकले नाहीत ती. भावाच्या गाडीवर भावाचं पोट आहे हे याला दिसतं. या मशीनवर कुणाचं पोट होतं मग? पडदे काय हौसेनं शिवत होते मी? हे सगळं ती मनात म्हणत होती, आणि डोळ्यांत पाणी आलं याचाही तिला राग आला.

बोलली ती बारकी.

"बाबा, ते मशीन तुमचं नाहीये."

"अगं, कागदावर माझं..."

"मग कागद चुकीचा आहे." ती तिथेच थांबली नाही. "माझं वर्ष गेलं तर जाऊ दे. आईच्या मशीनला हात लावलात तर मी कॉलेजच सोडीन."

दादाचा हात खिशावरून खाली आला. तो गच्चीवर गेला. आज फोन वाजला नव्हता.

सोमवारी वहिनी कारखान्यात गेली ती मालकाच्या केबिनमध्येच. सोफे, गाड्यांच्या सीटा, हॉटेलांच्या खुर्च्या, सगळ्यांची कव्हरं तिथे शिवली जायची, आणि कडेची गोल शिवण, ज्याला पायपिंग म्हणतात, ती रेग्झिनवर सुरकुती न पाडता घालायचं काम वहिनीकडे. त्या आठवड्यात एका सिनेमागृहाच्या खुर्च्यांचं काम आलं होतं, कव्हरांचा ढीग तिच्या टेबलाला टेकला होता.

"मला पगाराचा दाखला पाहिजे," ती म्हणाली.

मालकानं चष्मा काढला. दाखला दिला की ती कागदावर कामाला आहे असं होणार, मग पुढचं सगळं आलं, रजा, भरपाई, काय काय. तो हसून म्हणाला, "वहिनी, तुम्हाला कागद कशाला? तुम्ही काय परक्या आहात का? घरच्याच आहात तुम्ही."

कालच्या दिवसात 'घरच्या' हा एक शब्द ऐकायचा बाकी राहिला होता, तो आज मिळाला. घरच्या माणसाला कागद नसतो. घरच्या माणसाचं नाव नसतं पावतीवर. घरच्या माणसाचं मशीन विकायला काढता येतं, कारण ते घरचंच. वहिनी बाहेर आली, आपल्या टेबलाशी बसली, मशीनवर कापड पसरलं आणि हात मांडीवर ठेवले.

तिच्या आधीच्या टेबलावरची बाई कव्हरं पुढे सरकवत राहिली, ढीग वाढत गेला. वाढून वाढून खाली घसरला. तिच्या नंतरच्या टेबलांना काम मिळेना, ठोकणारे हातातली स्टेपलगन ठेवून विड्या ओढायला गेले. मालक दोनदा येऊन बघून गेला. दुसऱ्यांदा म्हणाला, "वहिनी, असं बरं दिसतं का?"

"नाही दिसत," वहिनी म्हणाली. "तुम्ही दुसऱ्या कुणाला बसवा. मला राग नाही येणार."

तो बसवणार कुणाला? दुपारच्या सुट्टीआधी त्यानं दाखला टाइप करून आणला, शिक्का मारून, पगाराचा खरा आकडा घालून. आधी त्यानं कमी घातला होता. वहिनीनं वाचला आणि परत पाठवला. दुसऱ्यांदा बरोबर आला. मग तिनं मशीनवरचं कापड काढलं आणि ढिगाला हात घातला.

धाकट्यानं टीव्ही विकला. लगेच नाही, दोन-तीन दिवस बसनं पार्सलं टाकत फिरल्यावर. पैसे आणून वहिनीच्या हातात ठेवताना मान वर केली नाही, आणि तिनंही बसा म्हटलं नाही. किल्ली दिली. खाली ब्रेक दाबून बघत तो एवढंच म्हणाला, "वहिनी, ब्रेक तुम्ही सैल केलात हो." तिला हसू येत होतं पण तिनं ते येऊ दिलं नाही.

पुन्हा ते दुकान, तेच टेबल, तोच टायवाला पोरगा. या वेळी वहिनी मधल्या खुर्चीत बसली. दादा येणार नव्हता. पण निघायच्या वेळी शर्ट घालून दाराशी उभा राहिला, म्हणून आला. पोरग्यानं दाखला पाहिला, आत साहेबांकडे जाऊन आला, सुरुवातीची रक्कम मोजून घेतली.

"होईल मॅडम," तो म्हणाला. "एक जामीनदार लागेल फक्त."

टोपण निघाल्याचा आवाज झाला. दादाचा हात पुढे आला होता, पेन घेऊन, आपोआप. त्यानं विचारलंसुद्धा, "कुठे करू?"

पोरगा ओशाळला. "सर, तुमची सही नाही चालणार. तुमचे हप्ते..." मग वहिनीकडे वळला. "जामिनाशिवाय होतं मॅडम, फक्त व्याज जरा जास्त पडेल."

"किती जास्त?"

त्यानं सांगितलं. वहिनीनं दादाकडे पाहिलं, पुरेसा वेळ पाहिलं, त्याला आकडा नीट ऐकू गेला असेल याची खात्री होईपर्यंत. मग म्हणाली, "लावा."

दादाच्या हातातलं पेन तिनं घेतलं, त्याचंच, कारण टेबलावर दुसरं दिसेना. आधी सगळा कागद वाचला. पोरग्यानं दोनदा घड्याळ पाहिलं, बारकीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला, तरी ती बोट फिरवत शेवटच्या ओळीपर्यंत गेली. मग सही केली, लग्नानंतर फारशी कधी केली नव्हती, म्हणून एक अक्षर सुटून पुन्हा जोडावं लागलं.

"झालं मॅडम. आणि एक," पोरगा म्हणाला, "एखाद्या वेळी हप्ता राहिलाच, तर कंपनी फोन कुणाला करील? सरांचा नंबर टाकू का?"

"माझा टाका," वहिनी म्हणाली. "मी गच्चीवर जात नाही."

पोरग्याला काही कळलं नाही. त्यानं नंबर लिहून घेतला. दादाला कळलं. त्यानं टेबलावरचं टोपण उचललं, वहिनीनं परत दिलेल्या पेनाला लावलं, आणि खोकं उचलायला खाली वाकला.